आई मागचं करायची

४ जानेवारी

"तुमचे वडील डावखुरे होते का हो?"

"छे, उजवेच होते," मी म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. इतकं साधं उत्तर दिलं मी!

संग्रहालयाच्या तळमजल्यावर चित्रं दुरुस्त करणारे गृहस्थ बसतात. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. अंगात पांढरा कोट, डोळ्याला भिंग, समोर टेबलावर रोगी. आजचा रोगी म्हणजे बाबांनी काढलेले न्यायाधीश. डॉक्टर त्यांच्या गालाखालच्या सावलीत डोकं घालून बसले होते.

"उजव्या हाताने मारलेला फटकारा असा पडतो," हवेत पेन्सिल फिरवून ते म्हणाले. "उजवीकडे वर, डावीकडे खाली. इथे सगळे उलटे आहेत. या न्यायाधीशांच्या गालावर आणि त्या मुख्याध्यापकांच्या कपाळावरही. अकराच्या अकरा चित्रांत. गंमतच आहे."

बसमध्ये बसले. तिकीट काढलं. आणि मग कळलं.

डावखुरी आई आहे!

उतरायचं राहिलंच. दोन स्टॉप पुढे गेले आणि तेवढं चालत आले. चालताना पाय आपटत होते, हे एका शाळकरी पोरीने वळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं.

५ जानेवारी

आई बटाटे सोलत होती. डाव्या हाताने. शेचाळीस वर्षं बघतेय मी तो हात, आज पहिल्यांदा पाहिला.

७ जानेवारी

काम करायचंच आहे. संग्रहालय 'चेहऱ्यांचा इतिहास' असं मोठं दालन उघडतंय. शेवटची खोली बाबांची — या गावातला शेवटचा व्यक्तिचित्रकार वगैरे. पुस्तिका आणि चित्रांखालच्या पाट्या मी लिहायच्या. "तुम्ही लेखिका, शिवाय घरच्याच," असं संचालकबाई म्हणाल्या होत्या. वीस तारखेला सगळं छापायला जाणार.

आज पहिल्या खोलीचं लिहायला बसले. नाईलकाठच्या मृतांच्या तोंडावर ठेवायच्या त्या फळ्या, मेणात कालवलेला रंग. दोन हजार वर्षांनंतरही डोळे ओले वाटतात. कुणी काढल्या? ठाऊक नाही. मग नाण्यांवरचे राजे, एका बाजूने, नाक पुढे काढून. मग दरबारातली लघुचित्रं. एकाने रेषा आखायची, दुसऱ्याने रंग भरायचा, चेहऱ्याला तिसराच. मग तैलरंगातले व्यापारी आणि त्यांच्या बायका. उस्तादाने तोंड रंगवायचं, बाकी झगे-हात-पडदे शागिर्दांनी. सही उस्तादाची. पुढे कॅमेरा आला आणि उस्तादांचीही गठडी वळली.

आणि सगळ्यांच्या आधी ती ग्रीक गोष्ट. कुंभाराच्या मुलीचा प्रियकर परगावी निघाला. तिने दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या त्याच्या सावलीभोवती रेघ मारली. तोच म्हणे जगातला पहिला चेहरा! मग बापाने त्या रेघेत माती भरली, भाजली. गोष्टीत नाव कुणाचं टिकलं? बापाचं. मुलगी नुसतीच 'कुंभाराची मुलगी'.

हे वाचलं आणि पेन असं दाबलं की कागद फाटला.

आमच्या घरात एक वाक्य होतं. पाहुण्यांना, शाळेत, कुणीही विचारलं की मी आणि दादा एका सुरात म्हणायचो — "बाबा चेहरा करतात, आई मागचं करते." मागचं म्हणजे चेहऱ्यामागचा तो तपकिरी अंधार. पडदा, खुर्चीची पाठ. 'मागचं' हा शब्द आमच्याकडे 'भांडी घासणं' या शब्दासारखाच होता. ते कुणीतरी करतंच, त्यात सांगण्यासारखं काय!

आठवतंय. गिऱ्हाईक सकाळी पुढच्या खोलीत बसायचं. बाबा कोळशाने रेखाटायचे आणि तोंडाचा पट्टा चालू. समोरच्याला इतकं हसवायचे की ताठ बसलेला न्यायाधीशही सैल पडायचा. आई कोपऱ्यात रंग घोटत बसलेली, मान खाली. पण नजर? नजर कुठे होती तिची? गिऱ्हाईक गेलं की चित्र आतल्या खोलीत जायचं. दार लोटलेलं. "आई मागचं करतेय, आत जाऊ नका."

चार-चार दिवस मागचं चालायचं. आम्हाला कधी शंकासुद्धा आली नाही. गाढवं!

१० जानेवारी

विचारलं शेवटी. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, ती चित्रं कुणी काढली?"

"कुठली?"

"अगं, कुठली काय? बाबांची!"

"मग बाबांनी. तूच म्हणालीस ना आत्ता."

"आणि तू?"

"मी मागचं करायचे."

"कशाच्या मागचं?"

"चेहऱ्याच्या."

"आणि चेहरा?"

तिने उशीचा अभ्रा झटकला. "चेहरा मागच्यातूनच पुढे येतो गं. तो काय वेगळा करावा लागतो?"

आणि गेली गच्चीवर उरलेले कपडे काढायला! मी तिथेच. हातात एक मोजा. संताप बाबांचा येतो, दादाचा येतो, संग्रहालयाचा येतो. पण सगळ्यात जास्त हिचा येतो. तीस वर्षं हिने न्यायाधीशांचे डोळे ओले केले आणि घड्या घालत राहिली. आणि मी? मी गोष्टी लिहिते. चार पानं छापून आली तर आधी आपलं नाव बघते, नीट छापलंय ना.

१२ जानेवारी

दादाचा फोन. वहिनीला मी सांगितलं होतं, तिने त्याला सांगितलं.

"गेलेल्या माणसाला आरोपी करतेस?"

"खरं लिहितेय."

"फटकारे डावीकडे की उजवीकडे, यावरून? उद्या म्हणशील, कपात साखर डावीकडून ढवळली म्हणून चहाही आईचाच!"

"चहा आईचाच असायचा, दादा."

तो हळू आवाजात म्हणाला, "तुला गोष्ट हवी असते. कुणीतरी वाईट लागतो तुला. आईला विचारलंस का, तिला हे हवंय का ते?"

मी फोन आदळला. बरोबर बोलला म्हणून जास्त जोरात आदळला.

१५ जानेवारी

आमच्या घरातलं बारावं चित्र परवा डॉक्टरांकडे नेलं होतं. आईचं. खुर्चीत बसलेली तरुण आई, मांडीवर हात, हातात पिवळं फूल. चित्र बेताचंच. मान जरा लांब, खांदा कुठल्या कुठे गेलेला. लहानपणी दादा म्हणायचा, आईला जिराफासारखं काढलंय.

"हे एकच उजव्या हाताचं," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे खरंखुरं बाबांचं हे एकच! मी हसले. कडू, पण हसले.

"पुढे बघा." त्यांनी खोलीत अंधार केला आणि जांभळा दिवा लावला. फूल काळं पडलं, चिकटवल्यासारखं वेगळं दिसायला लागलं. "फूल नंतरचं आहे. वार्निशच्या वर काढलंय. मुरलेले चित्रकार अशी चूक करत नाहीत. वार्निश म्हणजे शेवट. त्याच्या खालचं जन्मभर राहतं, वरचं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं जातं. फार घाई झाली असावी कुणाला तरी."

"आणि फुलाखाली काय आहे?"

त्यांनी दुसऱ्या यंत्रावर काढलेला फोटो पुढे सरकवला. आईच्या डाव्या हातात, देठाच्या जागी — ब्रश.

आईच्या हातात ब्रश काढला. वार्निश केलं. आणि मग भीती वाटली! कुणी पाहिलं तर? ब्रशचं फूल केलं. वार्निश वाळल्यावर, घाईघाईत, शरम झाकायला. बायकोला काय शोभतं? फूल!

जिन्यावर बसून रडले. रागाने रडताना नाक जास्त वाहतं. डॉक्टरांनी कापसाचा बोळा आणून दिला. "रुमाल नाही माझ्याकडे. हा कोरा आहे, स्पिरिट नाही लावलेलं," म्हणाले.

१६ जानेवारी

पाटी लिहिली. एका दमात.

"या खोलीतले अकरा चेहरे चित्रकाराच्या पत्नीने काढले आहेत. बाराव्या चित्रात त्याने तिच्या हातातला ब्रश फुलाखाली गाडला."

संचालकबाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपण असं करू या का — 'पत्नीच्या सहकार्याने'?"

सहकार्य! सहकार्य तर घोड्याचंही असतं, टांग्याला.

तसं म्हणाले मी त्यांना. बाईंना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. "एकोणीस तारखेपर्यंत तुमच्या आईंची सही आणा. त्यांच्या हयातीत त्यांच्याबद्दल, त्यांना न विचारता मी छापणार नाही."

हयातीत! जन्मभर न विचारता चाललं, ते चाललं.

१७ जानेवारी

काही नाही. आईशी बोलले नाही. तीही बोलली नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. दोघींनी गुपचूप खाल्ली.

१८ जानेवारी

सकाळी पाटी वाचून दाखवली. मोठ्याने, उभं राहून, शाळेत कविता म्हणतात तशी.

'गाडला' या शब्दाशी आले आणि आईने हात वर केला. थांब, असा.

"परत वाच."

वाचली.

ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. मला वाटलं, रडेल. जवळ जावंसं वाटलं आणि गेले नाही. मला तिने आधी रागवायला हवं होतं, बाबांवर, एकदाच, माझ्यासमोर. मग मी तिला पोटाशी धरलं असतं.

"शब्द चांगला आहे," ती म्हणाली. "चुकीचा आहे, पण चांगला आहे."

"काय चुकीचं आहे त्यात?"

"उद्या मला ने तिकडे. आणि माझा जवळचा चष्मा शोधून ठेव."

१९ जानेवारी

डॉक्टरांच्या टेबलापाशी आई स्टुलावर बसली. स्वतःच्या तरुण तोंडाकडे पाहून म्हणाली, "मान बघ कशी केलीय. कितीदा सांगितलं, आधी खांदा बसवा."

मग फुलावर बोट ठेवलं. "हे त्यांचं नाही. हे मी काढलं."

माझ्या हातात पाटी.

"ते घरी नव्हते तेव्हा. चित्र प्रदर्शनात द्यायचं म्हणत होते, ब्रशसकट. सगळ्यांना कळू दे, म्हणाले. मी घाबरले. लोक मला बघायला आले असते आणि माझं काम बंद पडलं असतं. परत आल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

"मग पुढे सह्या का करत राहिले ते?"

"मी सांगितलं म्हणून. नंतर नंतर त्यांना आवडायला लागलं म्हणून."

डॉक्टर खाकरले. "पण आजी, वार्निशच्या वर? एवढी जाणकार बाई ही चूक कशी करेल?"

"चूक कसली? मुद्दाम वर काढलं." तिने चष्मा नाकावर सरकवला. "कधीतरी निघावं म्हणून."

आणि बोळ्यासाठी डावा हात पुढे केला.