माह्या शर्टाची गोधडी

बाई,

तू फोनवर गोधडीचं विचारलं, तं उंदरानं कुरतडली म्हनलं मी. खोटं बोललो. डॉक्टरनं ती पॉलिथिनमधी बांधून घराबाहेर काढायले लावली.

लेकराले नवं कापड नाई, घरच्याच्या अंगावरचं जुनंच पाह्यजे, म्हनून तू माह्या कामावरच्या शर्टाची गोधडी शिवली. आमची परी तिचा कोपरा चोखल्याशिवाय झोपेच नाई. मी तं शेडमधी जुन्या बॅटऱ्या फोडतो. त्यातल्या शिशाची भुकटी त्या शर्टात, घरच्या धुळीत बसली होती. धुऊनबी गेली नाई. आता ते शिसं पोरीच्या रक्तात निघालं. यायले लागलेले बोल गेले. तुले म्हनायची ते 'आत्या'बी गेलं.

तुले कमी दिसते, तरी एकेक टाका तू हातानं घातला. तुले हे कसं सांगू? हे पत्र मी टाकनार नाई.

काल तू म्हनली, "जुने शर्ट ठेवजो, दुसरी शिवीन. अन् परीले फोन दे, मले आत्या म्हनू दे."

मी म्हनलं, झोपली हाय.

माह्या मांडीवरच होती बाई, टकटक पाहत.

तुले कायीच न सांगनारा,
अंकुश