आक्का, माझ्या मिसळीबद्दलचे शब्द मागं घे

तीर्थस्वरूप आक्कास,

तुझ्या धाकट्या (पण रुंदीनं थोरल्या) भावाचा कोल्हापूरहून दंडवत. तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि नवी म्हैस ठाकठीक असतील. माझ्या तब्येतीची चौकशी मात्र करू नकोस. ती तू हातकणंगल्याच्या बारशात बायकांच्या पंगतीदेखत उरकलीस. "आमचा विजयसिंह घरात अर्धी भाकरी खातोय आन् भाईर मिसळ हाणतोय की!" हे तुझं वाक्य पंगत उठायच्या आत माझ्यापर्यंत पोचलं. ते तू मागं घ्यावंस, एवढ्यासाठी हे पत्र.

अगं, वर्षभर मी उपाशी राहून जाड होतोय. हा पराक्रम फार थोड्यांना जमतो. संयोगितानं (तुझ्याच सल्ल्यावरून) माझी भाकरी निम्मी केली, पांढरा रस्सा तोडला, मटणाच्या रविवारी नवऱ्याला दोडक्यापुढं बसवलं. वजनकाटा तरी फितूरच. त्यात केस गळायला लागले. उशीवर केस, शर्टावर केस, ताटात केस. डोक्यावर तेवढे नाहीत. रशीद न्हावी कात्री धरून विचारतो, "आण्णा, आज कापायचं का नुसतं मोजायचं?" भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून (बंद) पंख्याखाली बसायला लागलो, तेव्हा कुठं घरात शंका आली की हे काम मिसळीचं नव्हे.

रक्त तपासलं. थायरॉईड! गळ्यातली एवढीशी ग्रंथी. तिनं कामातून अंग काढलं की माणूस सुजतो, गारठतो आणि पिसं झडलेल्या कोंबड्यासारखा दिसतो. तालमीतले दोस्त म्हणाले, "आयला, त्यो तर बायकांचा आजार!" जणू मी कुणाची चोळी पळवून आणली. (बायकांना जास्त होतो, खरं आहे. पण पुरुषांना गळा नसतो?)

डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. एक दिवस चुकवली नाही. पहाटे दूधकट्ट्यावर जायचं, कृष्णात गवळ्यानं समोर म्हैस पिळायची, आणि त्या फेसाळ पेल्याबरोबर गोळी पोटात. पाण्याबरोबर काय, कुणीही घेईल! बाईंनी गोळीची ताकद तीनदा वाढवली, रिपोर्ट जागचा हलेना. त्या माझ्याकडं संशयानं बघायच्या, संयोगिता माझ्या खिशांकडं. शेवटी बाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" मी छाती काढून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दूध म्हणे गोळीला अंगी लागूच देत नाही!

आता गोळी पाण्याबरोबर, दूध संध्याकाळी. स्वेटर उतरला. वजन सावकाश उतरेल, केस येतील तेवढे येतील. पण गेलेल्या अब्रूवर गोळी निघालेली नाही, ती तुझ्याच तोंडात आहे.

तुझा,
विजयसिंह

ता. क. मागल्या महिन्यात कोडोलीला आलो तेव्हा तुझी सून पूर्णिमा चुलीपुढं शाल पांघरून भाकऱ्या थापत होती. चेहरा सुजलेला, वेणी करंगळीएवढी. तू तिच्यादेखत म्हणालीस, "लोळून लोळून फुगलीया." मी दुसरी भाकरी मागून घेतली.

ता. क. २. एक वेळ माझी मिसळ तशीच राहू दे. पूर्णिमाला सोमवारी इकडं पाठव, रक्त तपासून घेऊ. पण एकटीला पाठव. तू बरोबर आलीस तर बाई विचारतील तिला, आणि सगळा आजार तूच सांगशील.