विहीणबाईंसाठी फ्रेंच

२ नोव्हेंबर
फ्रान्समधून, लियोंहून डिंपलचा फोन. आपली लेक आई होणार, एप्रिलमध्ये. त्याआधी डिसेंबरात ती, जावई ज्युलियाँ आणि विहीणबाई सिल्वी, तिघंही पांढुर्ण्याला येणार. लग्न तिकडच्या तिकडे झालं, तेव्हा माझा संत्र्याचा सीझन होता. विहीणबाईंना फक्त मोबाइलवर पाहिलं आहे.
निश्चय : डिसेंबरपर्यंत फ्रेंच.
कारण फक्त इथे लिहितो. बाळंतपणाला मलाही लियोंला जायचं आहे. नातवंड पहिल्या दिवशी हातात घ्यायचं आहे. पण बापाने लेकीच्या सासरी "मी येतो" असं स्वतःहून म्हणू नये. त्यांनी म्हणावं. म्हणतीलच. तेव्हा उत्तर त्यांच्या भाषेत गेलं पाहिजे.

४ नोव्हेंबर, सकाळी
भाषा मला कानाने येते. हातगाडीवर संत्री विकायचो तेव्हापासूनची देणगी. तेलुगू ट्रक ड्रायव्हरांकडून उचलली, बंगाली कलकत्त्याच्या व्यापारी पार्ट्यांकडून. पुस्तक उघडलं नाही. फ्रेंचही शेवटी माणसंच बोलतात.
ॲप घेतलं. सुरुवात उद्या. आज आडतीत गाड्या लागून राहिल्या आहेत.

१२ नोव्हेंबर
ॲपमधली बाई शब्दाचं शेपूट गिळते. लिहिलेलं असतं सात अक्षरांचं, तोंडातून निघतात दोन. अशा माणसाला मी उधारीवर माल देणार नाही. तरी सहा दिवस सोडले तर रोज करतो आहे.

१९ नोव्हेंबर
सापडलं! फ्रेंचची गुरुकिल्ली सापडली.
प्रत्येक क्रियापद मी, तू, तो, आम्ही असं रूप बदलत जातं. कोण पाठ करणार? पण तीन क्रियापदं अशी आहेत की त्यांच्यामागे दुसरं जोडलं तर ते दुसरं बदलतच नाही. झ व्ह, म्हणजे मला पाहिजे. झ प, मला जमते. झ द्वा, मला करावं लागते. मागे लावा व्हनीर, येणे. झालं : झ व्ह व्हनीर, मला यायचं आहे.
आडतीच्या भाषेत, पहिलं क्रियापद मुनीम. माणूस पाहून बोलणं बदलते, सगळा हिशोब त्याच्या डोक्यावर. दुसरं हमाल. मालक कोणी असो, तो बनियनवरच. मुनीम तीनच ठेवायचे, हमाल पाहिजे तितके लावायचे.
ॲपवाल्यांना हे सांगता आलं नाही. तिथे याला भलतंच नाव आहे.

२७ नोव्हेंबर
मुनीम तिन्ही पक्के. हमाल अजून दोनच, येणे आणि खाणे.
अर्थासकट मोठ्याने घोकतो, ते बाजूच्या आडतीतले भैय्याजी ऐकत होते. म्हणाले, मनोहरभाऊ, सकाळपासून मले पायजे, मले पायजे करून राहिले, काय पायजे ते त सांगा. चारचौघांत हसले. हसोत. लियोंहून फोटो पाठवीन तेव्हा पाहतील.

८ डिसेंबर
आज नकार शिकलो. मुनीमाच्या अलीकडे न, पलीकडे पा. दोन पोलिसांच्या मध्ये आरोपी. झ न प पा व्हनीर. मला येणं जमत नाही. फार सुंदर वाक्य आहे. दिवसभर म्हटलं.
बायको, इंदू, म्हणते, तुम्ही फ्रेंच बोलले की मांजर घरात येत नाही. इंदूला फ्रेंचमधलं एकच येते, वी, म्हणजे हो. तेवढ्यावर तिचं समाधान आहे.

२६ डिसेंबर
पाहुणे आले. विहीणबाई उंच, हसऱ्या, पायात गमबूट. मी बोंझूर म्हटलं. त्या पुढे बरंच काही बोलल्या. भाव समजला.

२८ डिसेंबर
मोहगावच्या संत्र्याच्या वाडीत रोडग्यांचा कार्यक्रम. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाडजूड रोडगे, वरून तूप, वांग्याचं भरीत. विहीणबाईंनी दोन खाल्ले आणि नॉं मेर्सी म्हणाल्या, म्हणजे नको. मी तिसरा वाढला. वू दव्हे माँझे, तुम्हाला खावंच लागते. मुनीम बरोबर, हमाल बरोबर. खाल्ला. चौथ्याला ताटावर दोन्ही हात ठेवले. मी हाताच्या फटीतून वाढला.
संध्याकाळी विहीणबाई झोपून होत्या. डिंपल रागावली. म्हणाली, बाबा, त्यांच्यात नाही म्हणजे नाही असते, एकदाच विचारतात. लेक तिकडे राहून भोळी झाली. नाही म्हणजे नाही असतं तर आपल्याकडे आजवर कोणी पोटभर जेवलंच नसतं.

३० डिसेंबर
आला तो क्षण.
जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो होतो. विहीणबाईंनी डिंपलच्या पोटाकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग इंदूकडे, आणि माझ्यासाठी मुद्दाम सावकाश म्हणाल्या, वू वुले व्हनीर? तुम्हाला यायचं आहे का?
शब्द न् शब्द समजला. छाती भरून आली. पण पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस कसा हावरा दिसतो, हे मी पंगतीत पाहिलेलं आहे. छातीवर हात ठेवला आणि म्हटलं : नॉं, नॉं. झ न प पा व्हनीर.
एकही चूक नाही. ज्युलियाँने टाळी वाजवली.
विहीणबाई म्हणाल्या, दोमाज. म्हणजे अरेरे. मग इंदूकडे वळल्या. इंदू म्हणाली, वी वी वी.
बाईमाणूस. रीत कळत नाही. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा सावरून घेईन. बहुतेक उद्या सकाळी.

३१ डिसेंबर
विचारलं नाही. चहाच्या वेळी जवळ बसलो, खाकरलो. मला बिस्कीट दिलं.

३ जानेवारी
नागपूर विमानतळावर सोडून आलो. काचेच्या दारापर्यंत गेलो. विहीणबाईंनी मागे वळून पाहिलं. मी तयार होतो. त्यांनी हात हलवला.
फोनवर विचारणार असतील.

२१ जानेवारी
इंदूच्या व्हिसासाठी विहीणबाईंनी तिकडच्या नगरपालिकेतून बोलावण्याचा कागद काढला. एकीच्याच नावाचा. डिंपलने फोनवर विचारलं, बाबा, तुम्हाला खरंच यायचं नाही? म्हटलं, नाही गं, सीझन आहे. म्हणाली, ठीक आहे.
ठीक आहे! पांढुर्ण्यात जन्मलेली मुलगी. अर्धी तिकडची झाली म्हणतात ती अशी.

१० फेब्रुवारी
निश्चय : आता आग्रह केला तर एकदाच नाही म्हणायचं, तेही हळू आवाजात.

१८ मार्च
इंदू गेली. बॅगेत मेथीचे लाडू, डिंक, टोपडी, दुपटी. टोपडी शिवायला कापड मीच निवडलं होतं. निघताना म्हणाली, तुम्ही सांगितलं असतं त मी बोलली असती ना विहीणबाईशी. म्हटलं, सांगून मिळाला तो आग्रह कसला?
ती म्हणाली, मंग बसा.

२ एप्रिल
भैय्याजी म्हणाले, भाऊ, तुम्ही काहून नाही गेले? म्हटलं, सीझन. ते रिकाम्या मंडीकडे पाहत राहिले. कोणाचा सीझन, म्हणाले.

११ एप्रिल, दुपारी
मुलगा झाला! दोघंही बरी.
इंदूने व्हिडिओ कॉल केला आणि लगेच रडायला लागली, म्हणून फोन विहीणबाईंनी घेतला. म्हणाल्या, वू वुले व्वार... हा हमाल माझ्याकडे नव्हता. पण पुढचं ऐकायला कोण थांबते? वी, म्हटलं. वी वी वी. मंडीत लोकांनी वळून पाहिलं. पाहू द्या.
त्यांनी फोन पाळण्यावर नेला. व्वार म्हणजे पाहणे, तर. बाळ पलीकडे तोंड करून झोपलं होतं. डोक्याची मागची बाजू दिसली. टक्कल थेट माझ्यावर गेलं आहे. ते कूस बदलत होतं, तेवढ्यात नेटवर्क गेलं.
मोबाइल हातात घेऊन बसलो आहे. मीच लावणार होतो. पण पुन्हा पुन्हा आपणच लावणं बरं दिसत नाही. त्या लावतील.

११ एप्रिल, संध्याकाळी
लावतीलच.