धोंड्याचा महिना वजा

बोरी अरब,
६ जानेवारी २००५

ती. नलूमावशीस,

निशिगंधाचा नमस्कार. तुझे गुडघे, काकांचा दमा आणि काळी गाय, या तिघांची खुशाली याच क्रमाने कळव. माझी विचारू नकोस.

नर्सचं शिकत होते तेव्हा वाटायचं, सुई टोचणं अवघड असेल. अवघड आहे ते महिन्यांचे आठवडे करणं. रजिस्टरात आठवडेच लिहायचे असतात आणि गावात आठवडा फक्त बाजाराचा असतो. शेवटची पाळी कधी आली विचारलं की बायका सांगतात, तूर फुलावर होती तवा. (कोणाची तूर, तेही विचारावं लागतं, पेरण्या मागेपुढे होतात.) आमचे वरचे साहेब महिन्याला सरसकट चार आठवडे धरतात, म्हणजे त्यांचं वर्ष अठ्ठेचाळीसचं. उरलेले चार कुठे जातात, हे विचारण्याइतकी माझी नोकरी पक्की नाही.

त्यात वच्छलाबाई. त्यांची सून वैष्णवी पहिलटकरीण, अंगात रक्त कमी. एकतीस डिसेंबरला तिचे सदतीस आठवडे चार दिवस भरले, म्हणून दारव्ह्याच्या दवाखान्यात पोचवा, हे सांगायला मी घरी गेले. वच्छलाबाईंनी बोटांची पेरं मोजली. "आठवा चालू हाय. आठव्यात नदी वलांडत नाईत." मी कॅलेंडर काढलं; नववा सरत आला होता. त्यांनी अधिक श्रावणावर बोट ठेवलं. "हा धोंड्याचा महिना. धोंड्याचा कोनी मोजते काय वं?" लग्नाला धरत नाहीत, मुंजीला धरत नाहीत, तेव्हा पोटालाही धरायचा नाही. मी म्हटलं, पोट पंचांग पाहत नाही. त्या म्हणाल्या, "तुले लेकरू हाय का?" (नाही. वाद संपला.)

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. तिचा नवरा अतुल बैलगाडीसकट कापूस खरेदीच्या रांगेत, तिसरा दिवस. जीप मिळेना. वैष्णवी चालतच माझ्या उपकेंद्रातल्या बाळंतपणाच्या टेबलापर्यंत आली. ना गाडी, ना रक्ताची पिशवी. दोन तास मी कळांमधली मिनिटं मोजत राहिले. अधूनमधून देवाचा धावाही केला. त्याला रजिस्टरात रकाना नाही.

दोघी सुखरूप आहेत. मुलगी, दोन किलो नऊशे. वच्छलाबाई घरोघर सांगत फिरताहेत, "आठव्यातली हाय, तरी पाह्य कशी गोलमटोल!" ते ऐकून आणखी तिघींच्या सासवांनी धोंडा वजा केला आहे. माझ्या शिक्षणाचा एवढाच उपयोग झाला.

तुझी,
निशिगंधा

ता. क. तू मागे आलीस तेव्हा मी पाळीत पोट धरून निजले होते आणि तू ओव्याचं पाणी दिलं होतंस. ती तारीख कळव. एकशे बारा जणींच्या तारखा माझ्याकडे आहेत. माझीच लिहायची राहिली. दहा आठवडे असतील किंवा चौदा. घरी कोणाला बोलले नाही.

आणखी ता. क. तारीख आठवत नसेल, तर तुमच्या फुलसावंगीच्या शेतात कापसाच्या पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजा झाली होती की व्हायची होती, तेवढं सांग. आठवडे मी करीन. करताना तू जवळ असलीस तर बरं.