माईक पडला तेव्हाचं हसू

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

मुद्दाम बोचरे विनोद करणाऱ्यांवरचा तो माहितीपट मीच एडिट केला. त्यात भावोजी स्टेजवर तुझ्या लंगडण्याची नक्कल करतात. तेव्हा पहिल्या रांगेत तू मान खाली घालून बसली होतीस. कार्यक्रमाआधी माईक पडला, तेव्हा मात्र खळखळून हसलीस. ते हसू उचलून मी नकलेनंतर चिकटवलं. नाहीतर सीन पडत होता गं! आता जो तो म्हणतो, "बायकोच हसतेय, मग तुमच्या पोटात का दुखतं?"

काल फोनवर तू म्हणालीस, "मी हसले नव्हते असं वाटत होतं. पण पडद्यावर दिसतंय, म्हणजे हसलेच असेन. हो ना रे?"

मी "हो" म्हणालो.

तुझ्या पाठचा