वाळू कमी, वेग जास्त

३ मार्च
टेनिस स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर. मी हरलो असं म्हणता येणार नाही, कोर्टाने हरवलं. लाल माती, त्यात सकाळी पाणी मारलेलं. माझी सर्व्हिस पडली की बॉल तिथेच टेकतो, दम खातो, मग निघतो. बॉल तरी कसले! तीन गेममध्ये वरची लव फुलून मांजराची पिल्लं झाली. समोरचा फक्त परत मारत होता. टूरवर त्याला 'भिंत' म्हणतात. अशा कोर्टावर त्याच्याशी खेळणं म्हणजे हमाली.
माझा खेळ फास्ट कोर्टाचा. जगाला हे कळलेलं नाही, कारण जगाने मला अजून फास्ट कोर्ट दिलेलं नाही.

५ मार्च
घरी. बायकोने आधी पाणी दिलं, मग निकाल. म्हणाली, गेल्या वर्षी कोर्ट खरखरीत होतं, त्याआधी गवत ओलं होतं, त्याच्याही आधी बॉल जड होते. आता बास. पुढच्या महिन्यात आपल्याच गावात स्पर्धा आहे. एक मॅच जिंक, एकच, मी चकार शब्द काढणार नाही. हरलास तर एक मेपासून बाबांच्या रंगाच्या दुकानात बसायचं.
मी ताबडतोब हो म्हणालो. मग दुकान डोळ्यांसमोर आलं. छतापर्यंत डबे, काउंटरमागे सासरेबुवा आणि त्यांच्या शेजारी एक रिकामं स्टूल. आमच्या लग्नापासून रिकामं आहे. जेवण गेलं नाही.

९ मार्च
वा! वा! स्पर्धेआधी गावातला क्लब सेंटर कोर्ट नव्याने रंगवतोय. रंग कुणाचा? सासरेबुवांचा!
हार्ड कोर्टाच्या रंगात बारीक वाळू कालवतात. वाळू जास्त घातली की कोर्ट खरखरीत, बॉल अडखळतो, उंच उडतो, मंद होतो. वाळू कमी, तर बॉल सुळकन निघतो. म्हणजे माझं करिअर एका घमेल्यात आहे आणि घमेलं घरचं आहे.
उद्यापासून दुकानात जाणार. फक्त वाळूपुरतं. पहाटे प्रॅक्टिस, मग दुकान.

१० मार्च
प्रॅक्टिस उद्यापासून.
सासरेबुवांना गहिवरून आलं. जावईबापूंना धंद्याची गोडी लागली, असा बायकोला फोन. स्वतः स्टूल पुसून दिलं. मी बसलो नाही. दिवसभर उभा. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१४ मार्च
बसलो. कंबर.

१८ मार्च
ॲप्रन मिळाला. नमुन्याच्या फळ्या रंगवतोय. प्रत्येकीत वाळू वेगळी, वरून बॉल मारून बघायचा. सगळ्यात गुळगुळीत फळी बघून सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, याच्यावर माणसं आपटतील. चिमूटभर वाळू वाढवली, त्यांचं मन राखायला.
प्रॅक्टिस मनातल्या मनात झाली. फोरहँड छान लागत होता.

२४ मार्च
रंगारी आता सासरेबुवांना विचारतच नाहीत, थेट माझ्याकडे येतात. हाताला वाळूचा अंदाज आलाय, वजनकाट्याची गरज नाही. हे सगळं टेनिससाठी. सासरेबुवांनी दुकानाची किल्ली दिली. तात्पुरती घेतली.

२९ मार्च
कोर्ट तयार! निळंशार. हात फिरवला, हात थांबेना. अभिमानाने कोर्टाच्या दाराशी छोटी पाटी लावली: दुकानाचं नाव आणि 'कोर्टाबद्दल काही असल्यास' म्हणून माझा मोबाईल नंबर.
बॉलचीही काळजी मिटली. स्पर्धेला क्लबने आखूड लवेचे घेतलेत, लवकर फुलत नाहीत. शिवाय उबदार बॉल जास्त उडतो, म्हणून सरावाचे बॉल शेगडीजवळच्या पातेल्यात ठेवले होते. बायकोने जेवायला वाढताना झाकण काढलं. त्याबद्दल लिहीत नाही.

४ एप्रिल
ड्रॉ लागला. पहिल्या फेरीत भिंत! तोच! या कोर्टावर त्याला बॉल दिसणारसुद्धा नाही. बायकोला म्हटलं, ॲप्रन धुऊन बाबांना परत कर. म्हणाली, धुते.

६ एप्रिल, सकाळी
भिंतीचं पोट बिघडलं. माघार. बदली खेळाडू आलाय. नाव कुणी घेत नाही, खांब म्हणतात. दारातून वाकून आला. त्याला पळता येत नाही, वळता येत नाही. मातीवर कुणीही त्याला हरवतं. येतं काय, तर सर्व्हिस.
हरकत नाही. कोर्ट माझं आहे.

६ एप्रिल, दुपारी
पहिला सेट त्याने नेला. मी बॉलला रॅकेट लावलीच नाही असं नव्हे, दोनदा लागली. बॉल दिसायचा, मग मागच्या जाळीत आवाज यायचा.
दुसऱ्या सेटमध्ये मी रेफरीला बोलावलं. म्हटलं, हा काय प्रकार आहे, कोर्ट आहे की काच? इतकं फास्ट कोर्ट प्रोफेशनल स्पर्धेत चालतंच कसं? ज्याने केलं त्याला जाब विचारा. रेफरी गंभीर झाले. मुद्दा बरोबर आहे म्हणाले. दाराशी गेले, पाटी वाचली, फोन लावला.
माझी बॅग वाजली.
सगळं स्टेडियम हसलं. खांबही हसला, तेही वरून. कोर्टावर फोन वाजला म्हणून मला ताकीद मिळाली. सासरेबुवा पहिल्या रांगेत होते, ते एकटेच टाळ्या वाजवत होते. कोर्टासाठी.
पळून जायला वाव नव्हता. चारी बाजूंनी जाळी, मध्ये मी, खाली माझीच वाळू. बाकीचे गेम लवकर झाले.

१२ एप्रिल
खांब फायनल जिंकला. त्याचा मेसेज आला: आयुष्यात इतकं सुंदर कोर्ट पाहिलं नाही, आमच्या क्लबसाठी करून द्याल का? उत्तर दिलं नाही. सासरेबुवांनी माझ्या फोनवरून दिलं.

१ मे
दुकान उघडलं. दुपारी बायको डबा घेऊन आली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, या वेळी कोर्टाला नावं ठेवली नाहीस. म्हटलं, कशी ठेवणार, उत्तम होतं. आणि बॉल? बॉलही चांगले होते. मग वाईट कोण होतं, हे पुढचं मीच मला विचारलं. मनातल्या मनात. फार वाईट वाटलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि डबा उघडला.
जेवताना एक आजोबा आले. न्हाणीघरात पाय घसरतो म्हणाले, काहीतरी द्या.
मी उठलो आणि रंगात भरपूर वाळू घातली.