खंडेनवमीला न सांगितलेलं

प्रिय किशोर,

दोन वर्षं मी भाऊबीजेला आले नाही म्हणून तू रुसलायस, हे तुझ्या बायकोने, पूजाने, फोनवर सांगितलं. ‘ताई आता मोठी साहेबीण झाली,’ असं म्हणालास म्हणे. कसली साहेबीण रे! माझ्या सातपूरच्या ऑफिसपासून तुझ्या अंबडच्या शेडपर्यंत वीस मिनिटं लागतात, आणि रोज सुटल्यावर स्कूटर तिकडेच वळवावीशी वाटते. तुझा तो पाकासारखा चहा, पूजाची न संपणारी बडबड, सगळ्याची फार फार आठवण येते.

माझं काम तुला ठाऊक आहेच. जगात कुठे कसलं यंत्र निघालं, कोणी कशाचं पेटंट घेतलं, ते वाचत बसायचं आणि पाच वर्षांनी काय खपेल, काय बंद पडेल ते साहेबांना लिहून द्यायचं. मामा तर म्हणतात, त्यापेक्षा त्र्यंबकेश्वरला पाट मांडून बस, दक्षिणा तरी मिळेल. हसायला ठीक आहे, पण माझं भाकीत सहसा चुकत नाही, हेच माझं दुखणं आहे.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी आठव. शेडमध्ये नवं मशीन, त्याला झेंडूची माळ, आणि पहिलं कुंकू ताईनेच लावायचं म्हणून तू सगळ्यांना ताटकळत ठेवलेलंस. पेट्रोल स्कूटरच्या इंजिनाचे पार्ट त्यावर करणार होतास. त्याच आठवड्यात मी अहवाल दिला होता, की ते इंजिन वर्षभरात बंद होईल. मला माहीत होतं रे. तेव्हा सांगितलं असतं तर डीलरने मशीन परतही घेतलं असतं. पण ऑफिसातलं बाहेर बोलणार नाही असं लिहून दिलेलं, आणि पूजेच्या वेळी तोंडातून अशुभ कसं काढू? मी कुंकू लावलं, पेढा खाल्ला आणि घरी आले. पुढे मशीन धूळ खात पडलं तेव्हा तू नशिबाला बोल लावलास. तेव्हापासून तुझ्या दारात यायला मला तोंड राहिलं नाही.

पूजा म्हणाली, या नवमीला तू इलेक्ट्रिक स्कूटरच्या गिअरसाठी दुसरं मशीन आणतोयस. परवाच मी नवा अहवाल लिहिलाय. पुढच्या गाड्यांत मोटर चाकातच बसणार, तुझा तो गिअर लागणारच नाही. किशोर, ते मशीन घेऊ नकोस. हे बाहेर कोणी सांगितलं असं साहेबांनी विचारलं, तर मी माझंच नाव सांगेन. नोकरी गेली तर जाऊ दे. तू मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण घरी बोलावून घाल.

अजूनही तुझीच,
संध्याताई